बिननांगीचे बारा खेकडे

मेहरूण, जळगाव
१४ जुलै २०२४

धर्मेंद्रभाऊ,

पाया पडते. पाकिटातून पाकिटंच निघाली म्हणून गोंधळू नकोस. वीस आहेत, सगळ्यांवर तिकीट लावलंय आणि माझ्या खोलीचा पत्ता लिहिलाय. तुला फक्त आतला कागद भरायचा आहे, तोही डाव्या हातानं. धुळ्याच्या व्यायामवाल्या बाईंनी रोज एक पान लिहायला सांगितलं होतं ना? उषाकाकू सांगत होती की वही कोरीच आहे आणि तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतोस. फोन करावा तर पाड्यावर रेंज नाही, आणि रेंजसाठी टेकडीवर चढायला साहेब तयार नाहीत. म्हणून पत्र. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलंस तर ओळखेन हो, तुझी चुलत बहीण असले तरी तुझ्यापेक्षा दोन वर्गांनी हुशार आहे.

फुकट लिहायला लावत नाही, काम आहे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. खेकड्याची तुटलेली नांगी परत कशी येते, हा माझा विषय. आमच्या चेलना मॅडम जैन आहेत. त्या प्रयोगशाळेत सुरीला हात लावत नाहीत आणि आम्हालाही लावू देत नाहीत. टेबलावरून मुंगी चालली असेल तर ती जाईपर्यंत शिकवणं थांबतं. त्यांची अट एकच की कुठल्याही जिवाला इजा करायची नाही. म्हणजे नांगी तोडायची नाही. ज्याची आधीच तुटलेली आहे असा खेकडा शोधायचा, पाळायचा, बघायचा आणि जिथून आणला तिथं सोडायचा. बाकीच्या मुलींनी मेहरूण तलावातून बादलीभर पाणी आणलंय आणि त्यातला हायड्रा बघत बसल्यात. हायड्रा म्हणजे शिवणाच्या दोऱ्याचा बारीकसा तुकडा वाटावा असा जीव. ना हाडं, ना डोकं. पण कुणी हात लावला की अंगातून विषारी धागे फेकतो, आणि त्याचे दोन तुकडे झाले तर दोन हायड्रा होतात. मला खेकडे सुचले, कारण आपला नाला आहे आणि नाल्याकाठी तू आहेस.

मला बारा खेकडे हवेत, प्रत्येकाची एक नांगी गेलेली. घरामागे टोपात ठेव, पाणी बदल आणि दर रविवारी सोबतच्या पट्टीनं मापं घेऊन लिहून पाठव. एका हातानं होण्यासारखं काम आहे. मला तुझी फार गरज आहे, भाऊ.

तुझी,
शीतल


उंबरपाडा, ता. साक्री
२३ जुलै २०२४

चि. शीतल,

डाव्या हाताचे आशीर्वाद घे, उजव्याचे संपले.

अक्षर बघून वाटेल की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली. गेली तर गेली. एवढं लिहायला दोन दिवस लागले, आणि 'र' अजून उलट्या तोंडाचाच येतो. आई येता-जाता डोकावते. परवा तिनं शेजारच्या नानीबाईला हाताला धरून आणलं आणि दाखवलं, "देख, मना पोऱ्या लिखी ऱ्हायना." पहिलीत होतो तेव्हाही माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

भिंतीकडे तोंड करून पडतो, हे खरं आहे. माणसांकडे तोंड केलं की ती बाहीकडे बघतात. चार महिने झाले. जळगावच्या दाळमिलच्या चालत्या पट्ट्यात हात मीच घातला, त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. माझा राग त्या डॉक्टरवर आहे. तीन दिवस हात जागेवर होता, बोटं दिसत होती. तिसऱ्या दिवशी तापात शुद्ध गेली, आणि जाग आली तर कोपराखाली काही नाही. शुद्ध जाण्याआधी मी तुझ्याकडून शपथ घेतली होती की काही झालं तरी हात कापू द्यायचा नाही. तू घेतलीसही. पण डॉक्टरनं कुणाला विचारलंच नाही, परस्पर आत नेलं, त्याला तू तरी काय करणार? मी तुला दोष देत नाही. पण त्या माणसाला मी सोडणार नाही.

खेकडे शोधतो. निदान कुणाला तरी माझी गरज आहे म्हणायचं.

तुझा भाऊ,
धर्मेंद्र


मेहरूण, जळगाव
१ ऑगस्ट २०२४

धर्मेंद्रभाऊ,

पाया पडते. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. उलटा 'र' मला फार आवडला, तो सुधारू नकोस. खोलीतल्या मैत्रिणीला दाखवलं तर म्हणाली, हे डाव्या हाताचं असेल तर माझं कुठल्या हाताचं म्हणायचं?

डॉक्टरांबद्दल तू जे लिहिलंस ते आत्ता राहू दे. खेकड्याचं सांगते.

खेकड्याच्या प्रत्येक पायाला बुडाशी एक ठरलेली जागा असते, बारीक चीर असावी तशी. शत्रूनं नांगी पकडली आणि सुटका दिसेना, तर खेकडा तिथले स्नायू आवळतो आणि नांगी आपली आपण सोडून देतो. बगळा नांगी घेऊन बसतो, खेकडा बिळात. गंमत पुढेच आहे. त्या जागेवर आतून एक पातळ पडदा असतो. नांगी सुटली की तो लगेच मिटतो आणि रक्त थांबतं. मग तिथं एक बारीक कोंब येतो, घडी घातलेला. पुढच्या वेळी खेकडा कात टाकतो तेव्हा घडी उलगडते आणि छोटी नांगी बाहेर येते. पहिल्यासारखी व्हायला आणखी तीन-चार काती जातात. कात टाकल्यावर खेकडा मऊ असतो, त्या दिवसांत त्याला डिवचू नकोस.

तू लहानपणी गांडुळाचे दोन तुकडे करून "आता दोन झाले" म्हणायचास, आठवतं? ते साफ खोटं. शेपटाकडचा तुकडा मरतो. डोक्याकडचा जगला तर जगतो, तेही कुठं कापलं गेलंय त्यावर. सगळं काही परत येत नाही, भाऊ. पण एवढ्याशा जिवांनी जगायच्या किती युक्त्या शोधून ठेवल्यात, हे वाचताना मला रोज कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात. कुणाचे ते कळत नाही, म्हणून तुझे मानते.

तुझी,
शीतल


उंबरपाडा
११ ऑगस्ट २०२४

चि. शीतल,

आशीर्वाद. बारा खेकडे जमले. आहेस कुठं? पहिल्या चार दिवसांत चारच सापडले होते, मग एका दिवसात बाराचे बारा झाले. घरामागे तीन टोपांत ठेवलेत आणि वर दगड ठेवलाय. आईला भाकरीचं पीठ मळायला टोप नाही, ती मला रोज बोलते, आणि तिचं बोलणं ऐकायला मी आता बाहेर बसलेला असतो. पाठीवर चुन्यानं आकडे टाकले. मापं मागच्या कागदावर आहेत. पाच, आठ आणि अकरा नंबरचे मेले. का मेले कळलं नाही.

तुझं पत्र मी नानीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे शिकायला पोरीनं जळगाव गाठलं?

मला एक वाटलं ते लिहितो. खेकड्याचं बरं आहे. त्याची नांगी त्यानं स्वतः सोडलेली असते. माझा हात मला न विचारता काढला.

आता कामाचं. धुळ्याला सिव्हिलमध्ये अपंगाच्या दाखल्याचं शिबिर आहे. आश्रमशाळेत एक जागा निघणार आहे, त्यासाठी दाखला लागतो आणि दाखल्याला दवाखान्याची फाईल. ती तुझ्याकडे आहे. दुसरं म्हणजे, पाड्यावरच्या नीलेशचा मेहुणा साक्रीला वकील आहे. तो म्हणतो की घरच्यांच्या सहीशिवाय कापला असेल तर डॉक्टरविरुद्ध पक्की तक्रार होते. मी तक्रार लिहायला घेतलीये. डाव्या हातानंच लिहितोय, म्हणजे त्यालाही कळेल. फाईलची झेरॉक्स नको, फाईलच पाठव.

तुझा भाऊ,
धर्मेंद्र


मेहरूण, जळगाव
२० ऑगस्ट २०२४

धर्मेंद्रभाऊ,

पाया पडते. फाईल ट्रंकेत तळाशी आहे, आणि ट्रंक मैत्रिणीच्या खाटेखाली. परीक्षा झाली की काढते. घाई नाही ना? तक्रारीची तर मुळीच घाई करू नकोस. नीलेशच्या त्या वकील मेहुण्याला काय, बोलायचे पैसे पडत नाहीत.

मापं छान घेतलीस. पण ते तीन खेकडे कसे मेले? चेलना मॅडमनी कागद बघितला आणि भुवया वर केल्या. ज्यानं आपणहून नांगी सोडली तो असा लगेच मरत नाही, त्याचं रक्त तर जागच्या जागी थांबलेलं असतं. बारापैकी तीन म्हणजे फार झाले. पाणी बदलत होतास ना? आणि चार दिवसांत चार सापडणारे एका दिवसात आठ कसे सापडले, हेही त्यांनी विचारलंय. मी म्हटलं, माझा भाऊ आहे, त्याला नाल्यातला प्रत्येक दगड माहीत आहे.

जेवत जा. काकूला तिचा एक टोप परत दे.

तुझी,
शीतल


उंबरपाडा
१ सप्टेंबर २०२४

चि. शीतल,

आशीर्वाद. चोर पकडला गेला.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. नानीबाई खेकडा घरी आणत नाही. तिच्या टोपलीत नुसत्या नांग्या असतात. एक नांगी घेतली की खेकडा परत पाण्यात, एक आपली आणि एक त्याची. पुढच्या वर्षी तोच पुन्हा देतो. लहानपणापासून हे पाहिल्यामुळे मला वाटलं, त्यात काय, मोडली की येते! मला चारच सापडले होते. तुला बारा हवे होते. 'मला तुझी फार गरज आहे' असं तू लिहिलं होतंस, आणि त्या वाक्यापायी मी आठ खेकड्यांच्या नांग्या मोडल्या. खेकडा पायाखाली दाबायचा आणि डाव्या हातानं पिरगाळून ओढायची. तिघांच्या तर अंगातला सांधाच उपटून आला. ते रात्रीतून गेले, आणि मी 'का मेले कळलं नाही' असं लिहून मोकळा झालो.

तुझं पत्र आल्यावर नानीबाईकडे गेलो. म्हटलं, तुझे मरत नाहीत, माझे कसे मेले? तिनं मला नाल्यावर नेलं. एका दगडाखालून खेकडा काढला, दोन बोटांत नांगीचं टोक घट्ट चिमटलं आणि तशीच धरून बसली. ओढलं नाही, पिरगाळलं नाही. मला म्हणाली, "वढू नको रे भो. धरी ठेव. त्याले जगानं व्हई ते तो सोडी दी." थोड्या वेळानं, जगायचंच होतं म्हणून, खेकड्यानं अंग आवळलं, आणि नांगी तिच्या हातात ठेवून पाण्यात निघून गेला. रक्ताचा टिपूस नाही. साठ वर्षं झाली तिला हे करून. तिला पडदा माहीत नाही, पण जागा माहीत आहे.

मॅडमना खरं सांग. चारच खेकडे खरे आहेत, बाकीचे माझे पाप. प्रकल्प बुडाला तर मला शिव्या घाल, पण मला खोटं पोटात ठेवून जेवण जाईना. तुझ्याशी तर नाहीच. आपल्या दोघांत कधी खोटं नव्हतं.

फाईल पाठव. आता सबब नको.

धर्मेंद्र


मेहरूण, जळगाव
१० सप्टेंबर २०२४

धर्मेंद्रभाऊ,

हे पत्र पुरतं वाच, मध्ये टाकून देऊ नकोस.

तुझं पत्र घेऊन मी मॅडमच्या घरी गेले. त्यांचं पर्युषण नुकतंच संपलं होतं. आठ दिवसांचा उपास झालेला, चेहरा ओढलेला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी तुझं पत्र मागून घेऊन स्वतः वाचलं, नानीबाईचा भाग दोनदा. मग म्हणाल्या, अहवालात जसं घडलं तसं लिही. आठ मोडले, तीन मेले, कुणी मोडले आणि का मोडले, तेही. चार खेकड्यांवर प्रकल्प होतो, पण खोट्यावर होत नाही. आणि मग त्या माझ्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "मिच्छामि दुक्कडम्. बारा आणा असं मीच सांगितलं होतं. माझ्या आकड्यापायी ते जीव गेले, आणि तुझ्या भावाला खोटं बोलावं लागलं. मला क्षमा करा, दोघांनीही." ते लोक वर्षातून एकदा ओळखीच्या प्रत्येकाची अशी क्षमा मागतात, अगदी भांडण नसलं तरी. आईच्या वयाची बाई माझ्यापुढे हात जोडते आणि मी तिथं शहाण्यासारखी उभी. मला तोंड वर करवेना. कारण तू लिहिलं होतंस की आपल्या दोघांत कधी खोटं नव्हतं.

होतं, भाऊ. मार्चपासून आहे. फाईल सोबत जोडलीये. सातवं पान बघ. संमतीपत्रावर सही माझी आहे.

डॉक्टरांनी विचारलं होतं. दोन दिवस ते तुझा हात वाचवायला धडपडत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, हात गेलेलाच आहे, आता त्याचं विष रक्तात उतरतंय. अर्ध्या तासात ठरवा. हात ठेवला तर माणूस राहणार नाही. काकूला फोन लागत नव्हता. माझे बाबा साक्रीच्या एसटीत होते. मी डॉक्टरांना म्हटलं, त्यानं माझ्याकडून शपथ घेतलीये. ते म्हणाले, शपथ घेणारा शुद्धीवर असता तर मी त्यालाच विचारलं असतं.

मी तुझ्या कानाशी येऊन विचारलं होतं, भाऊ. तुला तीन वेळा हाक मारली. तू काहीच बोलला नाहीस. मग मी सही केली.

तू शुद्धीवर आलास आणि माझ्याकडे असं बघितलंस की माझ्या तोंडून निघून गेलं, 'त्यांनी विचारलंच नाही.' आधी वाटलं, तू सावरलास की सांगेन. मग तू सावरायलाच तयार नव्हतास. मग तुझा तो डॉक्टरवरचा राग एवढा मोठा झाला की मला त्याच्या आड लपता यायला लागलं. ज्या माणसानं तुला वाचवलं त्याच्यावर तू तक्रार लिहितोयस, आणि ती माझ्या खोट्यामुळे. ती फाड. लिहायचीच असेल तर माझ्याविरुद्ध लिही.

खेकड्याचं बरं आहे, असं तू लिहिलंस तेव्हा मी वही मिटून बाहेर जाऊन बसले होते. त्याचं त्याला करता येतं. माणसाला ते दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगावं लागतं, आणि तुला सांगायची शुद्ध नव्हती.

शपथ मोडली, तिची क्षमा मागते. खोटं बोलले, त्याची त्याहून जास्त मागते. पण सही केल्याची क्षमा मी मागणार नाही. ती मी उद्या पुन्हा करेन. तू जिवंत आहेस, उलटा 'र' काढतोस, काकूच्या शिव्या खातोस, याबद्दल मी रोज सकाळी हात जोडते.

शीतल


(पाकिटात नुसता एक कागद, मायना नाही, सही नाही)

२९ सप्टेंबर
नं. १ – कोंब, दोन मिलीमीटर
नं. २ – कोंब, तीन मिलीमीटर
नं. ३ – फरक नाही
नं. ४ – कात टाकली. नांगी आली. तांदळाच्या दाण्याएवढी. मऊ आहे, हात लावला नाही.


मेहरूण, जळगाव
६ ऑक्टोबर २०२४

धर्मेंद्रभाऊ,

तुझा कागद मिळाला. त्यावर एक शब्दही नव्हता, पण तू रविवार चुकवला नाहीस, यासाठी तुझे फार आभार. चार नंबरची बातमी मी मॅडमना सांगितली. त्यांनी घरातून गूळ आणून सगळ्या वर्गाला वाटला. तू बोलू नकोस हवं तर. मापं पाठवत जा, तेवढ्यानंही कळतं की तू उठून बसतोस.

शीतल


मेहरूण, जळगाव
४ नोव्हेंबर २०२४

धर्मेंद्रभाऊ,

काल भाऊबीज होती. मी पाड्यावर यायला निघाले होते, पिंपळनेरपर्यंत आलेसुद्धा. स्टँडवर तासभर बसले आणि उलट्या गाडीनं परत गेले. बिनबोलावता तुझ्यापुढे ताट घेऊन उभी राहिले असते तर तू लाजेकाजेस्तव बसला असतास, ते मला नको होतं. शिबिर २७ तारखेला आहे, बुधवारी. फाईलमधली पानं सरळ लावून ने, नाहीतर ते लोक परत पाठवतात.

शीतल


उंबरपाडा
२८ नोव्हेंबर २०२४

चि. शीतल,

तुझी तिन्ही पत्रं पोचली होती. हे पहिलंच उत्तर आहे, तेव्हा जरा लांबेल.

सातवं पान बघितल्या बघितल्या सही ओळखली. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर ती मीच शेजारी उभं राहून करून घेतली होती. राग आला. खोटं कशाला लिहू? फार आला. डॉक्टरचा राग सोपा होता. तो परका माणूस, त्याच्यावर रागावून घरातलं कुणी कमी होत नव्हतं. तुझ्यावर रागावलो आणि मला बोलायला माणूसच उरलं नाही. तक्रार चुलीत घातली, पण तुला पत्र लिहवेना. दर रविवारी मापं घ्यायचो आणि कागदाखाली 'तुझा' लिहिण्याआधी थांबायचो. तू पिंपळनेरच्या स्टँडवरून परत गेलीस, हे वाचलं त्या दिवशी आई माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

काल धुळ्याला गेलो. दाखल्याच्या रांगेत माझ्या पुढे शंभर माणसं असतील. बाजूच्या बाकावर एक बाई बसली होती, हातात एक कागद. बसायची, उठायची, पुन्हा बसायची. माझ्या बाहीकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "भाऊ, तुमना हात कोणी कापा?"

लोक बघतात, पण असं कुणी विचारत नाही. मी म्हटलं, डॉक्टरनी. ती म्हणाली, "ते माले समजस. सही कोणी करी?"

ती सोनगीरची, ताईबाई नाव. नवऱ्याचा, अभिमनचा, पाय साखरेच्या दुखण्यानं सडलाय. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याखाली आजच काढावा लागेल. नवरा तापात आहे. शुद्धीवर होता तेव्हा तिला म्हणाला होता, पाय कापू दिलास तर तुझं तोंड बघणार नाही. दीर फोन उचलत नाही. सकाळपासून ती तो कागद घेऊन रांगेतल्या बाकावर बसली होती, कारण तिथं हात-पाय गेलेली माणसं होती. तिला त्यांच्यापैकीच कुणाला तरी विचारायचं होतं.

मी रांग सोडली. तिच्याबरोबर वॉर्डात गेलो. खाटेच्या दहा पावलं अलीकडेच मला वास आला, आणि शीतल, तो वास माझ्या ओळखीचा होता. तो माझाच होता. मार्चमध्ये तापात असताना मला वाटायचं की बाहेर कुठं तरी काही तरी मेलंय. तू तीन दिवस त्या वासात माझ्या उशाशी बसून होतीस, मला पाणी पाजत होतीस, आणि आजपर्यंत एका शब्दानं बोलली नाहीस. मी तिथं दोन मिनिटं उभा राहू शकलो नाही.

बाहेर आलो तर ताईबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला सही कर असं म्हटलं नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं होतं, ते दिलं. म्हटलं, "मनी बहीणनी सही करी. मी तिले शपथ घालेल व्हती, तरी करी. म्हनीसन मी आज तुमनासंगे बोली ऱ्हायनू."

तिनं लगेच अंगठा लावला, जणू हात कधीचा तयारच होता. पण नर्स म्हणाली, साक्षीदाराची सही लागेल. ताईबाईनं कागद माझ्यापुढे धरला. मी कोण? ना भाऊ, ना दीर. मी पेन डाव्या हातात घेतलं आणि माझा हात थांबला. नाव लिहायला जमत नव्हतं म्हणून नव्हे. मला वाटलं, उद्या हा अभिमन उठेल, पाय शोधेल आणि विचारेल, कोण होता तो धर्मेंद्र? आयुष्यभर मला शिव्या देईल. मग वाटलं, देऊ दे. शिव्या द्यायला तो उठला तर पाहिजे.

तेवढ्यासाठी तू सही केलीस. मी उठून तुला शिव्या द्याव्यात म्हणून. मी उठलो, आठ महिने शिव्या दिल्या, आणि त्या देता येण्याइतका जिवंत कुणामुळे आहे, हे मला एका अनोळखी बाईच्या कागदापुढे उभं राहिल्यावर कळलं. सही केली. 'र' सरळ आला.

संध्याकाळी पाचला अभिमनला बाहेर आणलं. नाडी चांगली आहे म्हणाले. माझा दाखला राहिला, पुढच्या बुधवारी पुन्हा जावं लागेल. जाईन. ताईबाईनं डबा उघडून अर्धी भाकर मला दिली, आणि आम्ही दोघं जिन्यात बसून जेवलो. एवढं गोड मी मार्चनंतर काही खाल्लं नव्हतं.

तू सहीची क्षमा मागणार नाही म्हणालीस. मागू नकोस. मागितली असतीस तर मला वाईट वाटलं असतं. खोट्याची क्षमा मागितलीस, ती दिली. मीही मागतो, आठ खेकड्यांची मॅडमकडे आणि या दोन महिन्यांच्या मुक्या कागदांची तुझ्याकडे.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळच्या गाडीनं जळगावला येतो. आधी तू मला त्या डॉक्टरांकडे ने. बोलू काही नकोस, मीच बोलेन. ज्या माणसाला इतके दिवस मनात शिव्या घातल्या त्याला नमस्कार करायचा आहे. मग तुला. मोठ्या भावानं धाकट्या बहिणीला करू नये म्हणतात, ते ज्यांचे दोन्ही हात आहेत त्यांनी पाळावं. एका हातानं नमस्कार कसा करतात हे मला अजून नीट जमत नाही. तुझ्यासमोर करून बघेन. हसलीस तरी चालेल.

तुझा भाऊ,
धर्मेंद्र